प्रेमलताचा डावा कान

प्रेमलता गोतमारेचं वजन पंच्याण्णव किलो. हे मी पहिलेच सांगून टाकते. नाई सांगतलं तं तुम्ही सारा वेळ मनातल्या मनात तिले काट्यावर चढवत बसान, आणि मी जे सांगून राहिली ते तुमच्या डोक्शात शिरणार नाई. झालं समाधान? आता तिच्या कानाचं ऐका.

मी भावना गजभिये. राहते सक्करदऱ्याले, प्रेमलताच्या मागच्या गल्लीत. हिंगण्याले एका कंपनीत विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरा बनतात, तिथं आम्ही दोघी कामाले आहो. मी तार गुंडाळते, ती टेस्टिंगले. अकरा वर्षं झाली, कंपनीच्या बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसतो. पहिल्या दिवशी काय झालं, तिच्या बाजूले जेवढी जागा उरे तेवढ्यात कोणी मावेच ना. मी चव्वेचाळीस किलोची. बरोबर मावली. अशी आमची दोस्ती झाली. मनं जुळली-बिळली ते नंतर. तिची पाण्याची बाटलीही वर्षभरापासून दोघींत एकच, कारण माझी तं सक्करदऱ्याचा चौक ओलांडाच्या आधीच खतम होते.

तिचं काम मोठं मजेचं आहे. कंपनीत टेस्टिंगचं मशीन आहे, चांगलं महागाचं. मोटर लावली का हिरवा नाई तं लाल दिवा लागते. पण हिरवा लागल्यावरही मोटर जाते प्रेमलतापाशी. ती एक हातभर लांब पेचकस घेते, आपला स्क्रू ड्रायव्हर हो, त्याचं टोक चालू मोटरच्या अंगाले टेकवते आणि मूठ लावते डाव्या कानाले. डोळे बंद. पाच सेकंद. मंग म्हणते, "जाऊ दे," नाई तं म्हणते, "मागचं बेअरिंग कुरकुर करून राहिलं, खोला." आणि खोललं का कुरकुर निघतेच. मशीनचा हिरवा दिवा तसाच बावळटासारखा जळत राहते.

हा कान तिले माहेराहून मिळाला. माहेर नरखेड तालुक्यात, संत्र्याचा बगीचा, त्यात विहीर. लहानपणी खाटेवर लोळता लोळता ती बापाले ओरडे, "बाबा, मोटर हवा पिऊन राहिली!" आणि नत्थूजी हातातला घास टाकून विहिरीकडे पळे. पोट्टीचं कधी चुकलं नाई. उजवा कान मात्र एका दिवाळीत सुतळी बॉम्बनं अर्धा नेला. म्हणजे सारी भिस्त डाव्यावर.

आणि तब्येत म्हणसान तं घोड्यासारखी. बावीस किलोची मोटर गाडीवरून टेबलावर एकटी उचलून ठेवते. कॅन्टीनचे तीन जिने चढते आणि वर जाऊन गाणं म्हणते. मी दुसऱ्या जिन्यावरच कठड्याले धरून उभी राहते. पण गंमत पाहा, मले चक्कर आली का बाया म्हणतात, "बिचारी, खात जा वं काहीतरी." आणि प्रेमलताले नुसती शिंक आली तरी म्हणतात, "वजन कमी कर वं." शिंकेचा आणि वजनाचा काय संबंध? शिंक काय पोटातून येते?

तं झालं काय, एप्रिलमध्ये तिच्या भाच्याचं, रजतचं लग्न होतं तिकडं गावाले. मीही गेली होती. आता आमच्या बौद्धांच्या लग्नात फुलं असतात. फूल कोणाच्या कानात गेल्याचं मी तरी ऐकलं नाई. यांच्यात अक्षता, आणि तिकडं अक्षता म्हणजे तांदूळ नाई, रंगवलेली ज्वारी. मागं उभे राहिलेले पोट्टे ते अक्षता टाकत नाई, मारतात. नेम धरून! प्रेमलता मावशी म्हणून नवरदेवाच्या अगदी मागं उभी, म्हणजे पोट्ट्यांले असं निशाण आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं. ती मान मागं टाकून खदाखदा हसे आणि ते अजून मारत. भटजी "सावधान, सावधान" म्हणून राहिले होते, पण कोणाले म्हणून राहिले होते ते कोणी लक्षातच घेतलं नाई.

रात्री तिच्या सासूनं, मीराबाईनं, वेणी सोडून फणी फिरवली तं केसातून सात दाणे निघाले. पर्समधून मूठभर. ब्लाऊजमधून किती निघाले ते मी सांगत नाई. कानात पाहाचं कोणाले सुचलं नाई. माणूस कानात कायले पाहीन?

दोन दिवसांनी बसमध्ये ती म्हणे, "भावना, डावा कान बंद वाटून राहिला वं." मी म्हटलं, "लग्नातल्या डीजेनं झालं असन." आठवड्यात कान पार गच्च झाला. पेचकस लावला तरी साऱ्या मोटरा एकसारख्या घूं घूं घुमत. चांगली मोटरही घूं आणि बिघडलेलीही घूं.

जितेंद्र साहेब आमचे सुपरवायझर. माणूस वाईट नाई. म्हणाले, "बाई, महिन्याभरानं कंपनीची तपासणी आहे, त्यात कानाची टेस्ट असते. पास झाल्या तं ठीक. नाई झाल्या तं पॅकिंगले या. पगार तोच राहीन."

"पगार कोण विचारून राहिलं साहेब?" प्रेमलता म्हणाली. "पॅकिंगमध्ये मी काय खोक्याले कान लावू?"

मंग आम्ही गेलो गल्लीजवळच्या डॉक्टरकडे. त्याचं नाव मी घेत नाई. आम्ही दारातून आत आलो तेव्हाच त्याचं लिहिणं चालू झालं होतं. डोक्यावर पंखा कर्र कर्र फिरून राहिला होता.

"काय होतंय?"

"साहेब, हा डावा कान…"

"वजन किती?"

प्रेमलतानं जरासा विचार केला. "कानाचं?"

मी पदरात तोंड खुपसलं. डॉक्टर हसला नाई. त्यानं तिले काट्यावर उभं केलं. मंग बीपीचा पट्टा दंडाले गुंडाळला, तो पट्टा फट्टकन उघडला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा फट्ट. तिसऱ्यांदा त्यानं तो हातानं दाबून धरला आणि म्हणाला, "बीपी खूप आहे." कोपऱ्यात सोनिका नावाची नर्स उभी होती. ती चुपचाप आली, ड्रॉवरमधून मोठा पट्टा काढला, गुंडाळला आणि आकडा सांगतला. एकदम बरोबर होता. डॉक्टरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"गळ्याभोवती चरबी वाढली की कानाच्या नळीवर दाब येतो," तो म्हणाला. "वजन कमी करा, कान आपोआप मोकळा होईल. साखर तपासून घ्या. तुम्हीही तपासा ताई, आलाच आहात तर."

दुसऱ्या दिवशी कागद आले. डॉक्टरनं एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. मंग माझ्याकडे पाहिलं, मंग प्रेमलताकडे. आणि हसला. "लॅबवाल्यानं नावं उलटी टाकलेली दिसतात." पेन काढला, दोन्ही कागदांवरची नावं खोडली, आणि इकडचं तिकडं लिहिलं. दोनशे अठ्ठेचाळीस साखर प्रेमलताच्या नावावर गेली आणि ब्याण्णव माझ्या.

"तुमचं गोड आजपासून बंद," तो तिले म्हणाला. "एक महिना चालून बघा, मग गोळ्यांचं ठरवू." आणि मले म्हणाला, "तुम्ही ताई, थोडं अंगाला लागेल असं खात जा."

खोटं कायले बोलू, मलेही तेच खरं वाटलं. मनातल्या मनात मी जराशी खूशही झाली. डॉक्टरनं खा म्हणून सांगतलेली बाई नागपुरात दुसरी दाखवा.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे सक्करदऱ्याच्या तलावाले चकरा चालू. ती पुढं, मी मागं. पाच चकरा तिच्या, दीड माझी. मंग ती घरी जाऊन दुधीचा रस पिये आणि मी टपरीवर बसून तर्री पोहे खाऊ, वर दोन जिलब्या, डॉक्टरच्या हुकमानं. मीराबाईनं तिकडं आपला वेगळा दवाखाना उघडला होता. सकाळी लसणाचं कोमट तेल कानात. संध्याकाळी डोक्यावरून चादर घेऊन ओव्याची वाफ. कान कसा रात्रंदिवस ओला, गरम आणि अंधारात. शेतकऱ्याच्या पोरीनं तरी ओळखावं का नाई हे काय चालू आहे? पण तिलेही ओळखू आलं नाई.

तीन हप्त्यात तिचे चार किलो उतरले. कान तसाच. तसाच काय, आणखी बिघडला.

"आत काहीतरी हळूहळू सरकून राहिलं वं," ती म्हणे.

"चरबी वितळून राहिली असन," मीराबाई म्हणाली. "डॉक्टर खरं सांगे."

पुन्हा डॉक्टरकडे. त्यानं काट्यावरचा आकडा पाहिला आणि टाळ्या वाजवाच्याच बाकी ठेवल्या. "शाब्बास! चार किलो! काही फरक वाटतो?"

"ब्लाऊज सैल झाला साहेब. कान तसाच आहे."

"अजून सहा उतरवा."

त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. प्रेमलता खिडकीकडे तोंड करत नाई, ती साऱ्या बसकडे तोंड करून बोलते. मी पाहिलं तं डोळ्यातून पाणी.

"चार दिवसांवर टेस्ट आली, भावना. आज मी एक मोटर हातात धरली आणि मले ती ऐकू नाई आली वं. माझीच मोटर. मशीननं हिरवा दाखवला, म्हणून मी 'जाऊ दे' म्हटलं असतं तं? कोणाच्या विहिरीत उतरली असती आणि दुसऱ्या दिवशी जळून बसली असती. मी नाई जाऊ दिली. साहेब म्हणाले, बाई, किती रोकान? टेबलावर एकोणीस मोटरा पडल्या आहे." तिनं नाक पुसलं. "आणि तो माणूस माझ्या कानात एकदाही पाहत नाई. एकदाही. मी कान दाखवते, तो पोट पाहते."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! मले वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, पण मले वाईट वाटलं का राग येते. माझा नवरा धम्मानंद हे चांगलं जाणून आहे. मी म्हटलं, "उद्या पुन्हा त्याच डॉक्टरकडे जाचं."

"त्याच्याकडेच काहून? दुसरा पाहू."

"नाई. त्याच्याकडेच. मले त्याचं तोंड पाहाचं आहे."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर मी माझं नाव लिहिलं. आत गेलो. प्रेमलताले मागच्या खुर्चीवर बसवलं आणि मी पेशंटच्या स्टुलावर बसली.

"बोला ताई."

"साहेब, माझा डावा कान बंद झाला."

आणि बाप्पा, काय सांगू! हा माणूस टुणकन उठला, बॅटरीवालं नळकांडं काढलं, माझा कान वर ओढला आणि आत डोळा लावला. वजन नाई, काटा नाई, काही नाई. दहा सेकंदात!

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "काहीच नाही."

"मले माहीत आहे काही नाई," मी म्हटलं. "माझं वजन नाई विचारलं साहेब?"

"तुमच्या वजनाचा इथं काय संबंध?"

"मंग हिच्या वजनाचा काय संबंध होता?" मी उठली आणि प्रेमलताले ओढून स्टुलावर बसवलं. "तेच नळकांडं. तोच डावा कान. घाला."

सोनिका नर्सनं दार लोटून घेतलं. ऐकाले बाहेर खूप पेशंट होते, ती स्वतः मात्र आतच राहिली. डॉक्टरचं तोंड लाल झालं होतं. त्यानं नळकांडं लावलं. पाहिलं. नळकांडं काढून काच पुसली. पुन्हा पाहिलं.

"सोनिका," तो हळूच म्हणाला, "चिमटा द्या. बारीक."

प्रेमलतानं माझा हात धरला. माझ्या हाताचं काय झालं ते विचारू नका. दोन मिनिटं गेली. मंग चिमट्याच्या टोकाले लोंबकळत बाहेर आला एक ज्वारीचा दाणा. फुगलेला. आणि त्याले कोंब! करंगळीच्या नखाएवढा, पांढरा पिवळा, टोकाले वाकडा. खाली बारीक मूळही सुटलं होतं.

डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिला. "हे काय आहे?"

"ज्वारी," प्रेमलता म्हणाली. "आमच्या रजतच्या लग्नातली." आणि मंग तिनं एकदम वर पाहिलं. डोळे मोठे झाले. "साहेब! तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलं! पार गेलं! किती दिवसांपासून असं चालवून राहिले?"

ती हसली, मंग रडली, मंग दोन्ही एकदम करून राहिली. स्टूल करकरला, तेही तिनं ऐकलं आणि सांगतलं. मीही रडली. सोनिकानं ट्रेमधल्या कापसानं आपले डोळे पुसले.

डॉक्टर काहीतरी बोलाले गेला. प्रेमलतानं त्याले थांबवलं. "नाई साहेब, तुमचं खरं होतं. वजन कमी केलं आणि कान मोकळा झाला. फक्त एका दाण्याचं कराचं होतं. तुम्ही चार किलोचं करवून घेतलं."

तो दाणा तिनं कागदात बांधून घरी नेला. लग्नाची अक्षता कचऱ्यात टाकू नाई, असं मीराबाईचं म्हणणं पडलं, म्हणून तो रंगाच्या रिकाम्या डब्यात माती घालून लावला. सारी गल्ली पाहाले आली.

कानाची टेस्ट ती पास झाली. टेस्ट घेणारा पोट्टा म्हणे, बाई, मी बटन दाबाच्या आधीच तुम्ही हात वर करून राहिल्या. ती म्हणे, तुझं मशीन आवाज द्याच्या आधी खरखर करते न. जितेंद्र साहेबांनी तिचा पेचकस स्वतः पुसून टेबलावर ठेवला. त्या एकोणीस मोटरा तिनं जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऐकून काढल्या. दोनात गडबड निघाली. हिरवा दिवा दोन्हीले लागला होता.

संध्याकाळी बसमध्ये मी नेहमीसारखी तिची बाटली तोंडाले लावली. ती डोळे मिटून बसली होती. मले वाटलं झोपली.

"अठरा घोट," ती म्हणाली.

"काय?"

"अठरा घोट घेतले तू. सकाळी सोळा. भावना, तू रात्री किती वेळा उठते वं?"

"तीन-चार वेळा. पाणी प्याले नाई तं बाहेर जाले. काहून?"

तिनं सरळ पिशवीतून पेचकस काढला. तो ती त्या दिवशी खुशीत घरीच घेऊन निघाली होती. टोक माझ्या पाठीले टेकवलं, मूठ कानाले लावली, डोळे बंद. साऱ्या बसनं पाहिलं. मी म्हटलं, "पुरे कर वं, लोक हसून राहिले." पाच सेकंद तिनं ऐकलं.

"मोटर चालू आहे," ती म्हणाली. "पण पाणी लय ओढून राहिली." आणि पर्समधून तिनं एक घडी केलेला कागद काढला. दोनशे अठ्ठेचाळीसवाला. वरचं नाव पेनानं खोडून 'प्रेमलता' केलेलं. खोडलेलं नाव खाली स्पष्ट वाचता येत होतं. "लॅबवाल्यानं नावं उलटी नव्हती टाकली वं."

मी तो कागद पाहिला. महिनाभराच्या जिलब्या माझ्या डोळ्यापुढून गेल्या. मले भीती वाटली, खरं सांगते. ती माझा हात धरून बसली आणि घरापर्यंत सोडला नाई.

सकाळी उपाशी पोटी मी पुन्हा रक्त दिलं, दिवस बुडताना कागद आला, आणि आम्ही दोघी पुन्हा त्याच्यापुढं. डॉक्टरनं कागद घेतला. खूप वेळ पाहिला. मंग मान वर न करता, शाळेत हजेरी घेतात तसं नाव वाचलं.

"भावना गजभिये कोण?"

"मी," मी म्हटलं आणि हात वर केला.

मंग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या गोळ्या लिहिल्या. जिलबी बंद लिहिली. रोज तलावाच्या चकरा लिहिल्या, आणि माझ्या ह्या काटकीसारख्या पायांची नस न् नस दाबून तपासली.

मागच्या खुर्चीवर प्रेमलता मान वर करून बसली होती. "साहेब," ती म्हणाली, "पंखा दुरुस्त केला वाटते. आता झकास चालून राहिला."